त्र्याऐंशीची बॅच

"ज्यांनी फायनल पाहिली त्यांनी हात वर करा!" माइकवरून मित्राने हाक दिली आणि दादरच्या त्या हॉलमधल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांचे हात वर गेले. दहावीला चाळीस वर्षं झाली म्हणून आमची बॅच जमली होती. जेवणाआधी पडद्यावर 'आपण दहावी झालो तेव्हाचं जग' अशी चित्रं सरकत होती. लॉर्ड्सच्या गच्चीवर करंडक घेतलेला कपिल, किल्ल्या हातात घेतलेला मारुतीचा पहिला मालक, रंगीत टीव्ही. टाळ्या, शिट्ट्या, 'अरे काय दिवस होते' वगैरे. मीही हसत होते, पण नजर त्या हातांवरच अडकली. आमची शाळा काळाचौकीची. आमच्या चाळीत तेव्हा टीव्ही मोजके, तेही दार उघडं टाकून पंचवीस माणसं दाटीवाटीने बसतील तेवढ्याच खोल्यांत. एवढ्या सगळ्यांनी ती मॅच नक्की पाहिली कुठे? आणि बायकांच्या रांगेतला एकही हात वर गेला नव्हता, हे कुणाला दिसलं तरी का? घरी येताना टॅक्सीत, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना, ते हात डोळ्यांपुढून हलेनात.

कुणी खोटं बोललं असं मला म्हणायचं नाही. फायनल इतक्या वेळा दाखवली गेली आहे की रिचर्ड्सचा तो झेल घेण्यासाठी कपिलच्या मागोमाग आपणही धावलो होतो असं कुणालाही वाटावं. माझ्यापुरती २५ जून १९८३ ची रात्र ही फक्त आवाजांची आहे. शनिवार होता. तळमजल्यावर बँकेत नोकरीला असलेल्या काकांकडे टीव्ही होता आणि मुलींनी एवढ्या उशिरापर्यंत परक्या घरी बसायचं नाही असा आमच्या आईचा कायदा. मी गॅलरीत अंथरूण घालून पडले होते. आपण १८३ वर आटोपलो तेव्हा खालून एक लांबलचक हुंकार आला, आणि मग बराच वेळ नुसता समालोचनाचा इंग्रजी खळखळाट. मध्यरात्रीच्या सुमारास एकदम पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा आवाज उठला. पितळी ताटं, डबे, थाळ्या, पोरं जे मिळेल ते बडवत रस्त्यावर आली. कुठूनतरी फटाके आले. जूनमध्ये कुणाकडे फटाके शिल्लक होते देव जाणे. अण्णा, माझे वडील, आत जागेच होते. "जिंकले वाटतं," एवढंच म्हणाले आणि कूस बदलली. त्यांना क्रिकेटचं वेड होतं. शिवाजी पार्कवर ते संदीप पाटीलला खेळताना बघायला जायचे, आणि त्याच पाटीलने तीन दिवसांपूर्वी उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या गोलंदाजांना झोडपलं होतं. तरी त्या रात्री ते खाली उतरले नाहीत. टीव्हीवाल्या काकांकडून उसने घेतलेले पैसे फिटले नव्हते, हे मला खूप नंतर कळलं.

आमच्या घरी तेव्हा संपाचा अठरावा महिना चालू होता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापडगिरण्या थांबल्या तेव्हा मी नववीत होते. अडीच लाख कामगार, डॉक्टर दत्ता सामंत, पगारवाढ, बदलीवाल्यांचा, म्हणजे कायम न केलेल्या कामगारांचा प्रश्न, ही सगळी माहिती गिरणगावातल्या शेंबड्या पोरालाही होती, म्हणून ती इथे पुन्हा उगाळत नाही. मला सांगायचंय ते त्या शांततेबद्दल. भोंग्यावर चालणारी वस्ती होती ती. सकाळच्या भोंग्याला चहा, दुपारच्या भोंग्याला शाळा सुटायची वेळ झाल्याचा अंदाज, रात्रीच्या भोंग्याला शेजारच्या गाळ्यातली दहा-बारा गाववाली माणसं अंथरुणाची पाळी बदलायची. ते भोंगे गेले. चिमण्यांचा धूर गेला. दोरीवर वाळणाऱ्या चादरींवर बसणारी काजळी गेली, आणि आई म्हणाली, "चला, एक तरी बरं झालं." अण्णा साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. त्यांच्या सदऱ्याला तेलाचा आणि कापसाचा एक कोंदट, ऊबदार वास असायचा. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. संपाच्या पहिल्या पावसाळ्यापर्यंत तो वास सदऱ्यातून निघून गेला. त्यानंतर माणूस घरात दिवसभर बसलेला, आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्याच्या बसण्याला जागाच नाही. शाळेत एक बाई म्हणाल्या होत्या, "यंदा अभ्यासाला छान शांतता आहे, फायदा करून घ्या." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. शांतता होतीच. आम्ही फायदाही करून घेतला.

पूर्वी मनीऑर्डर मुंबईतून गावाला जायची. त्या दोन वर्षांत सगळं उलटं वाहू लागलं. परळच्या एसटी डेपोत कोकणातून, साताऱ्याकडून पोती यायची: तांदूळ, ज्वारी, कुळीथ, क्वचित सुकी मासळी. पोत्यावर शाईने नाव लिहिलेलं. ज्याच्या गावाला थोडी जमीन होती त्याचं निभलं. ज्याची नव्हती त्याच्या बायकोने लोकांची धुणीभांडी धरली, खाणावळीचे डबे केले, शिवडीच्या बाजूला जाऊन मिळेल ते उचललं. आईने पापड लाटायला घेतले. ती भूगोलाचं पुस्तक माझ्यासमोर उघडून द्यायची आणि मी वाचून दाखवत असताना लाटण्याचा ठेका चालू ठेवायची. आजही मला मोसमी वाऱ्यांचा धडा उडदाच्या पिठाच्या वासासकट आठवतो.

फीच्या सवलतीसाठी ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीचा फॉर्म असायचा. त्यात वडिलांचं वार्षिक उत्पन्न लिहायची जागा होती. अण्णा म्हणाले, "शून्य लिही." वर्गशिक्षकांनी तो फॉर्म परत केला, शून्य चालत नाही म्हणून. शून्य उत्पन्नात माणसं जगतात यावर सरकारचा विश्वास बसत नसावा. मग काय आकडा लिहिला ते मला आठवत नाही, पण फॉर्मवर खाडाखोड झाली होती आणि त्या खाडाखोडीवर अण्णांनी सही केली होती, मोठ्या, गोल, रात्रशाळेत शिकलेल्या अक्षरात. निरोप समारंभाला मुलींनी साड्या नेसायच्या होत्या, त्या मागून आणल्या. ग्रुप फोटोची प्रत पैसे भरूनच मिळणार होती, म्हणून काहीजण फोटोच्या दिवशी आलेच नाहीत. त्या दिवशी हॉलमध्ये तो फोटोही पडद्यावर आला आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, आपला वर्ग एवढा छोटा होता?"

परीक्षेच्या त्या मार्चमध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली होती. फिडेल कास्त्रोंनी इंदिरा गांधींना भर व्यासपीठावर मिठी मारली, त्याचा फोटो आम्ही सामान्यज्ञान म्हणून पाहिला आणि फिदीफिदी हसलो. त्याच्या काही आठवडे आधी, १८ फेब्रुवारीला, आसामात नेल्ली आणि आसपासच्या गावांमध्ये एका सकाळीत दोन हजारांवर माणसं कापली गेली होती. त्यात बायका आणि मुलं जास्त. आमच्यासाठी आसाम म्हणजे चहा, ब्रह्मपुत्रा आणि रिकाम्या जागा भरा. पेपर घरी येणं बंद झालं होतं. वाण्याकडून सामान बांधून येई त्या कागदाच्या तुकड्यांवर जे जग येईल तेवढंच. कधी अर्ध्यात तुटलेला मथळा, कधी कुणाचा नुसता चष्मा. त्या वर्षी जग कसं होतं असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर हेच, की तेलाचे डाग पडलेलं आणि पाव किलोच्या मापाचं होतं.

निकाल जूनमध्ये लागला. पेपरात बोर्डात आलेल्यांचे फोटो, त्यांच्या आईवडिलांनी भरवलेले पेढे, 'मला डॉक्टर व्हायचंय'. आमच्या शाळेतून कुणी त्या यादीत गेलं नव्हतं. मला सातशेपैकी बरे मार्क होते. माझ्याहून चांगले बंड्याला होते. हे त्याचं खरं नाव नव्हे. भूमितीत तो असा होता की सर फळ्यावर प्रमेय अर्धवट सोडून त्याच्याकडे बघायचे. पण निकालाच्या दिवशी बंड्या मुंबईत नव्हता. शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात त्यांचं सगळं बिऱ्हाड साताऱ्याच्या गावी गेलं. खोलीचं भाडं थकलं होतं आणि काकांच्या शेतावर माणूस हवं होतं. वर्गातल्या एकाने त्याला पोस्टकार्डावर विषयवार मार्क लिहून पाठवले. ते कार्ड बांधाबांधाने फिरत पोस्टमनने त्याच्या हातात दिलं तेव्हा तो गुडघाभर चिखलात भात लावत होता, असं तो सांगतो. गणिताचा आकडा पाण्याने पुसला गेला. "म्हणून मी सांगताना नेहमी दीडशेपैकी दीडशे सांगतो," हे त्याचं वर.

त्याच विश्वचषकात, १८ जूनला, कपिलने झिंबाब्वेविरुद्ध टनब्रिज वेल्सला १७५ काढल्या. पाच बाद १७ वरून. ती खेळी जगात कुठेही बघायला मिळत नाही, कारण बीबीसीच्या लोकांचा त्या दिवशी संप होता असं सांगतात. मला या गोष्टीची फार गंमत वाटते. तिकडचा एक दिवसाचा संप दंतकथेत जाऊन बसला. प्रत्येक क्रिकेटवेडा तो हळहळत सांगतो. आमच्या बापांचा संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. चाळीस वर्षांनी त्यांच्याच मुलांनी, त्यांच्याच वस्तीतल्या शाळेच्या नावाने भरवलेल्या कार्यक्रमात त्या संपाला एक चित्र मिळालं नाही. मी ते चित्रं करणाऱ्या मित्राला विचारलं. तो ओशाळला, मग जरा चिडलाही. "आनंदाचा कार्यक्रम आहे गं. तिथे कशाला ते." त्याचे वडीलही गिरणीतलेच, सूत कातायच्या त्रासनखात्यातले. त्याचं म्हणणं मला पटलं नाही, पण समजलं. पुरणपोळी वाढत असताना उपासमार कुणी काढत नाही.

पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि ती संपाएवढी दिसणारी नाही. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत, आमची परीक्षा महिन्यावर आली असताना, बाबासाहेब भोसले पायउतार झाले आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. आम्हाला त्याचं काय? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक नाव बदलायचं, इतकंच. पण स्वतः फारसं न शिकलेल्या या माणसाने त्याच वर्षी विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. तोवर महाराष्ट्रात अशी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, आणि पैसेवाल्यांची पोरं देणगी भरून कर्नाटकात जायची. दादांचा हिशोब सरळ असावा: पैसा आणि पोरं इथेच राहू देत. दोन वर्षांनी, पंच्याऐंशीत, आम्ही बारावी झालो तेव्हा ती दारं नुकतीच उघडली होती. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात ज्या मुलांना ती दारं अगदी सुरुवातीला लागली त्यांत आमची बॅच होती. आमच्या वर्गातल्या मसालेवाल्याच्या मुलाला बारावीत बेताचेच मार्क होते. तो फी भरून इंजिनिअर झाला, नंतर सौदीला गेला, आज पुण्यात त्याचा कारखाना आहे. हॉलचं भाडं त्यानेच दिलं होतं. माणूस लाख मोलाचा, हे मला मुद्दाम लिहायचंय. तो अकरावीला बसला तेव्हा भूमितीवाला बंड्या बैलांच्या मागे होता.

त्यावर राग करायचा तर कुणावर करायचा? शिक्षणसम्राटांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि मी त्या मनसोक्त घातल्याही आहेत. पण माझी मुलगी अशाच एका खाजगी कॉलेजात शिकली. तिच्या फीसाठी मी फंडातून कर्ज काढलं आणि पदवीच्या दिवशी तिचा तो काळा झगा माझ्या अंगावर घालून फोटोही काढून घेतला. दादांनी ते दार उघडलं नसतं तर ती कुठे असती, हे मला सांगता येत नाही. आणि ते दार उघडताना उंबऱ्याची उंची पैशात ठरली, हेही खोटं नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात, चाळीतल्या दोन बिऱ्हाडांसारख्या. भांडतात, पण भिंत एकच.

मी स्वतः निकालानंतर टायपिंगला गेले. आधी इंग्रजी, मग मराठी. सकाळी कॉलेज, कॉमर्स, दुपारी क्लास. जिन्याखालच्या त्या खोलीत बारा-पंधरा मशीन एकदम चालायला लागली की अण्णा म्हणायचे तसा आवाज यायचा, साच्यांसारखा, फक्त बारीक. शेजारी बसणाऱ्या बहुतेक मुलींचे वडील संपात होते. आम्ही बोलायचो सगळ्यावर: साड्यांवर, सिनेमावर, कुणाचं ठरतंय त्यावर. घरच्यांवर कधीच नाही. त्या खोलीतून कितीजणी बँकांत, विमा कंपन्यांत, मंत्रालयात गेल्या याची कुणी नोंद ठेवली नाही. गिरणगावात त्या काळात मुलगे बिघडले, टोळ्यांत गेले, यावर पुष्कळ लिहून झालंय. मुली कामाला लागल्या आणि दरमहा पगाराचं पाकीट आईच्या हातात ठेवू लागल्या, यावर दोन ओळी मिळत नाहीत. मला विमा कार्यालयात नोकरी लागली त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हॉलमधल्या त्या चित्रमालेसारख्या याद्यांची एक गंमत असते: त्या वर्षी ज्याला त्या वर्षीच नाव मिळालं, तेच त्यांत येतं. १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावरच्या संगणकांनी टीसीपी/आयपी नावाची नवी बोली स्वीकारली. आजचं इंटरनेट त्याच बोलीवर चालतं. आमच्या बॅचचे ग्रुपवरचे सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि साईबाबा रोज पहाटे त्याच वाटेने येतात. पण तो दिवस कुणाच्याही चित्रमालेत नसतो. ऑगस्टअखेरीस इन्सॅट-१ बी हा उपग्रह आकाशात गेला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत गावोगावी दूरदर्शनचे मनोरे उभे राहिले. बंड्याने पहिल्यांदा टीव्ही पाहिला तो त्यामुळेच, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. त्यालाही चित्रमालेत जागा नव्हती. मारुतीला मात्र होती. पन्नास हजारांच्या आतली ती पांढरी गाडी डिसेंबरात निघाली तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या घरी पाचशे रुपये एकत्र नव्हते. पण सगळ्यांनी ती ओळखीची माणसं बघावीत तशी बघितली.

बंड्या आता घाटकोपरला राहतो. पाच-सहा वर्षं शेती, मग हॉटेलात काम, मग टेम्पो, आता मुलाचा टेम्पो. त्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी त्याचा फोन आला, कागदपत्रं बघून देशील का म्हणून. विमा कार्यालयात नोकरी केलेल्या बाईला फॉर्म भरता येतात अशी सगळ्यांची समजूत असते, आणि ती खरी आहे. म्हाडाकडे गिरणी कामगारांच्या घरांसाठी तेव्हा दीड लाखांहून अधिक अर्ज पडून होते. २०१२ पासून सोडती निघत होत्या, पण मिळालेल्यांपेक्षा वाट बघणारे कितीतरी जास्त. आता पात्रता तपासायची मोहीम निघाली होती. अट अशी की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असायला हवा. संप १८ तारखेला झाला, म्हणजे संपात उतरलेला प्रत्येकजण त्यात बसतो. सरकारला तो संप एवढ्यापुरता नीट लक्षात आहे.

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. वडिलांचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, फंडाची एक फाटकी पावती, गिरणीचा पास. वडिलांचा गिरणीतला हजेरीचा तिकीट नंबर त्याला तोंडपाठ होता. नव्या घरांसाठी शेलू, वांगणी अशी मुंबईबाहेरची, लांबची नावं ऐकू येत होती. ज्या जागेवर त्याच्या बापाने साचा चालवला तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर कॉफी मिळते. "वांगणी तर वांगणी," तो म्हणाला, "आईच्या नावावर काहीतरी लागू दे." अडचण एवढीच होती की पासवर वडिलांचं नाव एक, ईएसआयच्या कार्डावर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरंच. साहेबाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं. प्रतिज्ञापत्र लागणार होतं, पण जोडीला नाव बरोबर असलेला एखादा जुना सरकारी कागद असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुझा शाळा सोडल्याचा दाखला आण. त्यात वडिलांचं पूर्ण नाव असणार, बाईंनी नीट लिहिलेलं."

त्याने पिशवीत उगाचच हात घालून पाहिला.

"तो मी घेतलाच नाही गं कधी. निकालाला आलोच नव्हतो ना. अजून शाळेतच असेल."

सोमवारी सकाळी शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारून येतो म्हणाला. कितीची बॅच ते विचारतील, सांगता येईल ना, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "सांगतो की. त्र्याऐंशी."